मेलेल्या बाईची पापणी

लढाई संपली त्या वर्षी मी साताऱ्यात मास्तरणीचं शिक्षण घेत होते. आमच्या बोर्डिंगात तीसेक मुली होत्या आणि एकेका नावाच्या तिघी-तिघी, म्हणून एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायची रीत पडली होती. मी वाईची, तेव्हा माझं नाव ‘वाई’. माझ्या खोलीत आणखी दोघी होत्या, ‘सांगली’ आणि ‘पाटण’.

सांगली हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, जैन. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची आणि मग आम्ही जेवत असताना समोर बसून गोष्टी सांगायची. तिच्या घराशेजारी थिएटर होतं, त्यामुळे सिनेमाचं तिला सगळं ठाऊक, किंवा आम्हाला तसं वाटायचं. पाटण कोयनेकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. वडील लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ पलटणीत होता आणि त्याच्याच हट्टानं ती शिकायला आली होती. गावातले लोक म्हणत, पोरगी शिकून काय करणार. तो ब्रह्मदेशातून पत्रं धाडून म्हणे, शिकू द्या. लढाई थांबली तरी त्याची पलटण अजून तिकडेच होती. महिन्याला एक पत्र येई. पाटण ते आधी एकटी वाचायची आणि मग आम्हाला वाचून दाखवायची.

भुताच्या सिनेमांचं बोलणं आमच्यात निघायचं ते शिवणाच्या तासाला. शिवणाच्या बाई कानानं अधू होत्या. नमुन्याच्या कापडावर काजं करत आम्ही मान खाली घालून बोलत असू. सांगलीनं किती गोष्टी सांगितल्या त्याला सुमार नाही. एका गावात कोणी पैज लावून भुताचा खेळ एकटाच बघायला बसला, खेळ संपल्यावर दार उघडलं तर तो खुर्चीत ताठ आणि केस पांढरे. एका थिएटरात मशीन चालवणारा पहिल्या रांगेतली एक खुर्ची कायम मोकळी सोडतो, कुणी बसलं तर मशीन चालतच नाही. हे सगळं ती इतक्या साध्या आवाजात सांगायची की अंगावर काटा यायचा. मध्येच दोरा दातानं तोडायची आणि पुढं सांगू लागायची.

दिवाळीच्या आधी तिनं नवीन गोष्ट आणली. एक हिंदी बोलपट निघाला होता. त्यात शेवटी एका जहागीरदाराची बायको मरते. तिला फुलांनी झाकून ठेवलेलं असतं आणि नवरा उशाशी बसून गाणं म्हणतो. “ते काम करणारी बाई,” सांगली म्हणाली, “चित्र काढता काढता खरंच मेली. तापानं. मालकाला चित्र तर पुरं करायचं होतं. मग त्यांनी तिला तसंच उचलून आणलं, फुलं घातली आणि चित्र काढलं. पडद्यावर दिसतं ते खरं मढं आहे.”

सगळ्या मुलींचे हात थांबले. पलीकडच्या दोघींनी आपापली बसकरं पुढं ओढली. पाटण म्हणाली, “आन् तिच्या घरच्यांनी तसं करू दिलं?”

“घरचं कोणी नव्हतंच,” सांगली म्हणाली.

आता मी जे केलं ते सांगते. सांगलीकडे सगळ्या बघत होत्या आणि मला तिचा हेवा वाटला. माझ्याकडे सांगायला कधीच काही नसायचं. वाईत माझे वडील पूजा सांगायचे, सिनेमा मी जन्मात दोन पाहिले होते, दोन्ही देवादिकांचे. मी सुई कापडात खोचली आणि म्हणाले, “पुढचं तुला माहीत नाही वाटतं.”

“काय पुढचं?”

“त्या गाण्यात एकदा तिची पापणी लवते. सगळ्यांना नाही दिसत. पण जिला दिसते, तिच्या घरचं जे माणूस परगावी असेल ते परत येत नाही.”

हे कुठून सुचलं मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघालं आणि निघाल्यावरच मला पाटण आठवली. ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती. काजाचा टाका चुकला होता तो उसवू लागली. “मी आपलं ऐकलेलं सांगते,” असं म्हणून मी आणखी एक खोटं त्यावर घातलं.

आठ दिवसांत ती गोष्ट सगळ्या बोर्डिंगात फिरली. विहिरीवर कपडे धूत होते तेव्हा खालच्या वर्गातली एक मुलगी मला विचारू लागली, “वाई, तुमच्याच गावात ना ती बाई? जिला पापणी दिसली आणि मुलगा आगबोटीवरून पडला?”

“कोण बाई?”

“घाटावर राहते म्हणे. आता बोलत नाही कुणाशी.”

मी हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिले. अशी कोणी बाई वाईत नव्हती. पण ती मुलगी इतकी खात्रीनं बोलत होती की घाटावरच्या एकेका घरातली एकेक बाई माझ्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. माझीच थाप मला भिववू लागली, ती त्या दिवसापासून. आपण हे खरोखरच कुठंतरी ऐकलं असेल आणि विसरलो असू, असंही मनात येई.

तो बोलपट साताऱ्यात लागला तेव्हा सुपरिंटेंडेंट बाईंना विचारलं असतं तर त्यांनी साफ नाही म्हटलं असतं. पण रविवारी सकाळी त्याच थिएटरात पौराणिक खेळ असे आणि त्याला जायची परवानगी मिळे. आम्ही त्याच्या नावानं बाहेर पडलो आणि दुपारच्या खेळाला बसलो. जायचा हट्ट पाटणचा होता. मी नको नको म्हणत होते. “मला बगायचंच हाय,” ती म्हणाली. “न बगता नुसतं डोक्यात ठेवणं लय वाईट.”

बायकांची बाकं डाव्या बाजूला, पडद्याच्या अगदी जवळ. दारांना काळी कापडं लावली होती तरी पत्र्याच्या फटींतून बाहेरचं ऊन आत येत होतं. निम्मा खेळ मी त्या उन्हाच्या रेघांकडेच बघत काढला. चित्रात वारा सुटे, खिडक्या आपटत, आणि मागच्या पुरुषांच्या बाकांवरून कुणीतरी मोठ्यानं हसे, ते हसणं मात्र सगळ्यांना भीती वाटते आहे हे सांगणारं. मग ती मेली. फुलं आली. नवरा उशाशी बसला आणि पेटीचे सूर सुरू झाले. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. ही गोष्ट सगळ्यांना कळली आहे, हे मला त्या शांततेवरून समजलं.

ती गोष्ट माझी होती. खोटी होती. तरी मी डोळे गच्च मिटले आणि गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत. गाण्याच्या मध्यावर पाटणनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली, पण मी हात सोडवला नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. टांगेवाले ओरडत होते. आम्ही तिघी भिंतीकडेनं चालू लागलो. थोडं गेल्यावर पाटण म्हणाली, “तुमाला दिसली?”

“नाही बाई,” सांगली म्हणाली. “मी टक लावून बघत होते. काही हललं नाही.”

“नाही लवली,” मीही म्हणाले.

“मला दिसली,” पाटण म्हणाली. “डावी. हळूच.”

त्यानंतर ती जेवेनाशी झाली. ताटावर बसायची, भाकरीचे तुकडे करायची आणि उठायची. टपालवाला दुपारी यायचा, त्याच्या आधी अर्धा तास फाटकाशी जाऊन उभी राहायची. त्या महिन्यात भावाचं पत्र आलं नाही. पुढच्याही महिन्यात नाही. तिनं त्याला तीन पत्रं लिहिली. काय लिहिलं ते आम्हाला वाचून दाखवलं नाही. वर्गात फळ्याकडे बघत बसे आणि विचारलं तर दचके. मी तिच्याकडे बघायचं टाळू लागले. टपालवाल्याची सायकल दिसली की मी खिडकीतून बाजूला होई. तार आली तर, हा एकच विचार. तार आली तर ती मी लिहिलेली असेल.

शेवटी एका दुपारी खोलीत तिघीच असताना मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. “पाटण, ते पापणीचं मी रचलं होतं. कुणी मला सांगितलं नाही. मी बसल्या बसल्या रचलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. “मला बरं वाटावं म्हनून म्हनतीस तू,” ती म्हणाली.

“देवाशपथ.”

मग सांगली उठून बसली. तिचं तोंड उतरलं होतं. “मीही थोडं रचलं होतं,” ती म्हणाली. “ती बाई मेली वगैरे. म्हणजे काका म्हणाले होते की ती आजारी होती. पुढचं मी घातलं. ती जिवंत असेल.”

पाटणनं दोघींकडे पाहिलं. “मग पापनी कुनाची लवली?”

मी डोळे मिटून घेतले होते हे मी त्या दिवशीही तिला सांगितलं नाही.

नाताळाच्या सुट्टीत तोच खेळ सांगलीत, त्यांच्या शेजारच्या थिएटरात लागणार असल्याचं पत्र सांगलीला घरून आलं. तिनं मला बरोबर चलण्याचा आग्रह केला. आपण टक लावून पुन्हा पाहू, मशीनवाल्याला विचारू आणि पाटणला खरं काय ते कळवू. पाटण गावी गेली, आम्ही दोघी कऱ्हाडवरून मोटारीनं सांगलीला गेलो. वाटेत ऊसतोड चालू होती आणि गाड्यांमुळे मोटार पदोपदी थांबत होती. सांगली बोलत होती. मी मनात ठरवत होते की या वेळी काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत.

त्यांचं घर हळदीच्या वासानं भरलेलं. तिच्या आईनं मला लेकीसारखं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खेळाला गेलो. फुलं आली, सूर सुरू झाले. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि त्या चेहऱ्याकडे बघू लागले. गोरापान, गोल चेहरा. ओठ थोडे उघडे. गाण्याचं पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. डोळ्यांत पाणी आलं तरी मी पापणी मिटली नाही. आणि मग तिची लवली. डावी.

माझ्या घरचं परगावी कोण, हे मी मनात मोजू लागले. धाकटा भाऊ पुण्याला शिकत होता. वडील त्या आठवड्यात पाचगणीला एका घरी अनुष्ठानाला गेले होते. तिथून वाई ती किती लांब, रोजचा घाट, तरी ते घाट उतरताना मला दिसू लागले आणि मी त्यांना मनातल्या मनात मागं फिरा म्हणू लागले.

“दिसली का?” सांगलीनं विचारलं.

“तुला?”

“नाही.”

मी मान हलवली. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं माझा हात धरला आणि खेळ सुटल्यावर सरळ मागच्या जिन्यानं मशीनच्या खोलीकडे नेलं. मशीनवाला तिच्या काकांच्या ओळखीचा होता, वयस्कर, डोळ्यांवर जाड चष्मा. तो फीत गुंडाळत होता. सांगलीनं त्याला विचारलं की त्या बाईची पापणी लवते का.

तो हसला नाही. “समदे ह्येच इचारत्यात,” म्हणाला. “अवं, ही फीत धा गावं फिरून आलीया. जागोजाग तुटलीया. तुटली की दोन-चार चित्रं कापायची आन् जोड द्यायचा. जोड आला की चित्र दचकतं.”

“म्हणजे तिथंच जोड आहे?” मी विचारलं.

“त्या रिळात हायेत तीन-चार. नेमका कुठं, ते आता कसं सांगू बाई.”

“आणि ती बाई जिवंत आहे का?”

“आसंल की,” तो म्हणाला. “मला काय ठावं.”

सांगलीचं समाधान झालं. तिनं त्याच संध्याकाळी पाटणला पत्र लिहिलं: फितीला जोड आहे, भिऊ नकोस. खाली मीही सही केली. पण माझं समाधान झालं नव्हतं. जोड असेल तर सांगलीला का दिसला नाही? मी दुसऱ्या दिवशीच घरी जायला निघाले. तिच्या आईनं किती थांबवलं. वाईत पोचले तेव्हा वडील पाचगणीहून परतले होते आणि ओसरीवर बसून जानव्यासाठी सूत कातत होते. त्यांनी विचारलं, “इतक्या लवकर कशी आलीस?” मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं परीक्षेत काहीतरी झालं. पुण्याच्या भावाचं खुशालीचं कार्ड चार दिवसांनी आलं, तोवर मी धड झोपले नाही.

सुट्टी संपून बोर्डिंगात परतलो आणि पंधरा दिवसांत सुपरिंटेंडेंट बाईंचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. पाटणला खाली बोलावलं होतं. ती उठली ती माझ्याकडे न बघता गेली. मी पाठोपाठ गेले, परवानगी न घेता. सांगलीही आली.

बाईंच्या खोलीत एक उंच माणूस उभा होता. खाकी ओव्हरकोट, हातात टोपी, हाडं वर आलेला काळा चेहरा. पाटण दारातच थांबली. मग पुढं झाली आणि त्याच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. भावाला पलटणीतून सोडलं होतं. दोन-तीन महिने या छावणीतून त्या छावणीत फिरवल्यामुळे पत्रं मागंच राहिली होती. बाईंनी चहा मागवला आणि आम्हालाही बसू दिलं.

चहा घेताना तो आमच्याकडे वळला. “तुमीच त्या मैतरणी. हिच्या पत्रात असता तुमी.” मग बहिणीकडे बघून म्हणाला, “तुझं त्ये सिनेमाचं पत्र मिळालं हुतं बरं का. पापनीचं.”

पाटण खाली बघू लागली.

“आमच्या कंपनीत वाचून दाखवलं म्या. म्हनलं, घरी काय चाललंय ऐका. आन् आठ दिसांनी छावणीत पडदा लावला तर त्योच खेळ. आता हसू नगा, पर निम्म्या जवानांनी डोळं मिटलं. म्यापन मिटलं. दोन साल जपान्याम्होरं काढल्याली मानसं, आन् बाईच्या चित्राला भ्याली.” तो थोडा थांबला. “एकानं मिटलं न्हाईत. तासगावाकडचा हुता. म्हनला, मी बगतो आन् सांगतो. खेळ झाल्यावर म्हनला, लवली रं, खरंच लवली. समदी हसली. धाव्या दिशी त्याचा ट्रक दरीत गेला. सुट्टीच्या यादीत नाव हुतं त्याचं.”

बाईंना यातलं काही कळलं नव्हतं, त्या चहाच्या किटलीवरचं झाकण नीट बसवत होत्या. पाटण माझ्याकडे बघत होती. ती काही बोलणार नाही, हे मला समजलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

“दादा,” मी म्हणाले, “ती गोष्ट मी रचलेली. शिवणाच्या तासाला. तसं काहीही नव्हतं.”

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. नवख्या माणसाकडे बघतात तसं. “रचली आसंल,” तो म्हणाला. “रस्ता वाईट हुता तितला. पाऊसबी हुता. ट्रक आनखी बी गेलं.” मग पायाशी ठेवलेल्या गाठोड्यावर हात ठेवला. “ह्ये त्याचं हाय. आरसा, बासरी, वही. उद्या जानार हाय त्याच्या आईकडं. बाई, त्या म्हातारीच्या कानावर ह्ये कवा जाऊ देऊ नगा. ट्रक गेला, येवढंच.”

मी हो म्हणाले. गाठोडं एका जुन्या लष्करी टॉवेलात बांधलं होतं, गाठ पक्की होती. माझी नजर त्यावरून हलेना. तो निघाला तेव्हा पाटण त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर ती माझ्या शेजारी बसली आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. माझ्याशी ती पुढंही कधी वाईट वागली नाही. त्या गोष्टीचा उल्लेखही आमच्यात परत झाला नाही. सांगलीनं शिवणाच्या तासाला गोष्टी सांगणं आपोआप बंद केलं.

ते सबंध वर्ष बोर्डिंगच्या फाटकाशी कुणी म्हातारी बाई उभी दिसली की मी मागच्या वाटेनं आत जायची. भाजीवाली असायची, कुणाची आजी असायची. मला वाटायचं ती तासगावकडून आली आहे, कुणीतरी तिला सांगितलं आहे, आणि आता ती माझं नाव विचारणार. ती कधी आली नाही. तिला काही कळलं की नाही, हेही मला कधी कळलं नाही.

आम्ही तिघीही पास झालो. पाटणला तिच्याच भागातली शाळा मिळाली. सांगलीचं उन्हाळ्यात लग्न झालं. माझ्या नेमणुकीचा कागद आला त्यावर तासगावजवळच्या एका खेड्याचं नाव होतं. गाव त्या ट्रकवाल्या जवानाचंच की दुसरं, याची मी चौकशी केली नाही. वडिलांना न विचारता मी त्याच दिवशी बदलीचा अर्ज लिहिला. कारण काय द्यायचं याचा बराच वेळ विचार केला आणि शेवटी लिहिलं, तिकडची हवा मला मानवत नाही.